दामूनानांचे खरे चारशे

दामूनाना वेखंडे यांच्या तोंडून आलेल्या कोणत्याही आकड्याला दोनाने भागायचं, हा नियम मी केलेला नाही. तो त्यांच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा. शहापूरला आम्ही एकाच चाळीत भिंतीला भिंत लावून चौदा वर्षं राहिलो, त्यामुळे हा नियम लागू होताना मी रोज ऐकत असे.

नाना ओट्यावर बसून सांगत, "काल सिद्धगडाच्या रानात पाच बिबटे आडवे गेले मला."

आतून फोडणीच्या आवाजावर वहिनींचा आवाज येई, "अडीच."

"अर्धा बिबट्या कुठं असतो गो?"

"तुमालाच दिसला, तुमीच सांगा."

नाना जरा विचार करत. मग म्हणत, "दोन होते आन एक पिल्लू." चहा झाल्यावर प्रकरण एका बिबट्यावर आणि एका तरसावर मिटे. पुढे त्या रानाजवळच्या वाडीचा कुणी बाजारात भेटला तर कळे की रानमांजर होतं, आणि तेही नाना पोचायच्या आधीच निघून गेलं होतं.

मी पाटबंधारे खात्यात होतो. ठेकेदारांनी केलेल्या कामाची मापं तपासायची, हे माझं पोटापाण्याचं काम. दहा मीटर भिंत म्हणजे दहा मीटर भिंत. नऊ मीटर नव्वदला मी सही केलेली नाही. त्यामुळे नानांचं आणि माझं कसं जमलं, हे चाळीला कोडं होतं. खरं म्हणजे जमायला काही लागलंच नाही. ते सांगत, मी ऐके, वहिनी भागाकार करत.

"भाऊ, तुमी जेवताना शितं मोजता का वो?" ते मला विचारत.

मी मोजत नाही. पोळ्या मोजतो. तीन.

नानांची नोकरी गुरांच्या दवाखान्यात. हुद्दा 'व्रणोपचारक', म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचतात तेव्हा जनावर धरायचं. हा शब्द पंचक्रोशीत कुणाला उच्चारता येत नसे, खुद्द नानांनाही नाही. त्यामुळे लोकांनी सोयीसाठी त्यांना 'डाक्तर' करून टाकलं. खरे डॉक्टर एक आणि गावं साठ, म्हटल्यावर लोकांचंही काही चुकत नव्हतं. चोवीस इंची काळी सायकल, मागे कॅरिअरला बांधलेली पत्र्याची पेटी, आणि फिनेलचा वास. वारा त्या बाजूचा असेल तर नाना घरी येण्याआधी त्यांचा वास येई आणि वहिनी चहाचं आधण ठेवत. दवाखाना किन्हवलीच्या बाजूला, शहापूर तालुक्यातला. पण नाना मूळचे टोकावड्याकडचे, मुरबाड तालुक्यातले. दोन तालुक्यांच्या मधली हद्द त्यांना मान्य नव्हती. "हद्द मानसाला. गाईला काय ठावं कुठला तालुका?" असं म्हणून ते सुटीच्या दिवशी मुरबाडची गुरंही बघून येत.

फोन कुठे नव्हते, तेव्हा नानांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर एक पद्धत पडून गेली होती. ज्याच्या घरी जनावर आजारी, त्याने रस्त्याकडेच्या झाडाला लाल फडकं बांधायचं. नाना ते बघून उतरत, सायकल झाडाला टेकवत, पेटी खांद्यावर घेऊन बांधावरून वाडीत जात. फडकं दिसलं आणि नाना पुढे गेले, असं वीस वर्षांत झालं नव्हतं. हा आकडा मी तपासलेला आहे.

गाईम्हशींशी ते फार अदबीने बोलत. "बाई, जरा पाय उचला. हां, बस. झालं बाई." माणसांशी मात्र उलट. एकदा मला ताप आला. नाना आले, माझी खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, कान चाचपला आणि माझ्या बायकोला विचारलं, "कान गरम हाय. रवंथ करतो का?"

दोन हजार साल उलटल्यावरच्या हिवाळ्यात कुसुमवहिनींच्या छातीत गाठ निघाली. गाठ कॅन्सरची होती. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दर एकवीस दिवसांनी एक, अशी सहा इंजेक्शनं घ्यायची होती. पहिलं झालं. वहिनींचे केस गेले, आठ दिवस पोटात पाणी ठरेना. परत आल्या त्या डोक्याला फडकं गुंडाळून, आणि ओट्यावर बसून त्यांनी जाहीर केलं की आता पुरे. उरलेली पाच घेणार नाही.

नाना हादरले. ते म्हणाले, "डाक्तरनी सांगितलंय, सगळी घेतली तर दहा वर्सं काय व्हत नाय तुला."

"म्हंजे पाच," वहिनी म्हणाल्या. "त्यातलं एक तुमी मला बरं वाटावं म्हणून वाढवलेलं. राहिली चार. चार वर्सांसाठी येवढी उलटी कोन करील?"

"अगो, ह्या येळेला खरंच दहा म्हणाले!"

"बिबटे पन खरंच पाच व्हते."

डॉक्टर वहिनींना फक्त "बऱ्या व्हाल" म्हणत. वर्षांचा आकडा त्यांनी बाहेर बोलावून नानांना सांगितला होता. तो खरा आहे, याला साक्षीदार नव्हता. सगळं आयुष्य ज्याने पाचाचे दहा केले, त्याला आता दहाचे दहा विकता येईनात.

त्याच रुग्णालयातून नानांनी एक फॉर्म आणला होता. तिथे संशोधनासाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम होता. आपल्या भागात सायकल चालवायची, ओळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे ठरावीक देणगी कबूल करायची, आणि शेवटी साक्षीदाराच्या सहीने फॉर्म परत पाठवायचा. डॉक्टरांनी नानांना समजावलं होतं की वहिनींना देतात ते औषध असंच, आधीच्या लोकांच्या मदतीने सापडलेलं आहे. नानांना ते लगेच पटलं. बैलांच्या शिंगाला कॅन्सर होतो, तो त्यांनी पुष्कळ पाहिला होता. त्यांनी त्या मोठ्या डॉक्टरांना शिंगाच्या कॅन्सरवर अर्धा तास माहिती दिली आणि डॉक्टरांनी ती ऐकून घेतली, असं नाना सांगत. म्हणजे पंधरा मिनिटं.

"हजार किलोमीटर मारतो," नाना ओट्यावरून म्हणाले.

"पाचशे," आतून आवाज आला. आणि मग वहिनी स्वतः बाहेर आल्या. "नाय, आज भागत नाय मी. तुमीच एक आकडा सांगा. जेवढा सांगाल तेवढाच झाला पायजे. एक कमी नाय. जल्मात एकदा तुमचा आकडा खरा झाला, तर तुमच्या दहा वर्सांवर पन इस्वास ठेवीन आन सोमवारी इंजेक्शनाला येईन."

सोमवारी दुसऱ्या इंजेक्शनाची तारीख होती. त्या दिवशी मंगळवार होता. नानांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. आकडा खाली आणताना त्यांना होणारा त्रास दिसत होता.

"चारशे," ते शेवटी म्हणाले. "बेस्तरवार ते ऐतवार. चार दिवसांत चारशे."

देणगीदार गोळा करायला आम्ही दोघे बाजारात गेलो. किराणा दुकानदार म्हणाला, "नानाच्या किलोमीटरवर पैसे? म्हंजे मी दुकान इकतो!"

"साक्षीदार मोरेभाऊ हायेत," नाना म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी सोता मोजनार?"

"मोजणार."

"मग लिवा." आणि त्याने शेजारच्या दुकानातही हाक मारून सांगितलं, "मोरेभाऊ मोजतायत रे!" त्या दिवशी माझ्या नावाला बाजारात इतकी किंमत आहे हे मला कळलं. थोडी भीतीही वाटली.

मी तीन दिवसांची रजा टाकली; रविवार होताच. नाना सायकलवर, त्यांच्या मागे मी मोपेडवर. मोजायचं मोपेडच्या काट्यावर. रस्ता नानांच्या पायाखालचाच: शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडं आणि पुढचा एक ढाबा. तिथे काट्यावर साडेपन्नास झाले की वळायचं. रोजचे एकशे एक. रोज एक जास्त कशाला, असं मी विचारलं, तर नाना म्हणाले, "सवय हाय."

पहिल्या दिवशी दोन लाल फडकी लागली, दुसऱ्या दिवशी तीन. नाना रजेवर होते. पेटी घरी ठेवायची असं ठरलं होतं. पण पेटी कॅरिअरवर होती. एका वाडीत बैलाचं पोट फुगलं होतं. मी रस्त्यावर मोपेड लावून तास-दीड तास बसून राहिलो. बांधावरून आत जाण्यायेण्याचं अंतर धरायचं नाही, कारण तिथे मोपेड जात नाही आणि न मोजलेलं मी लिहीत नाही, हा निर्णय मी दिला. नानांनी तो कुरकुर न करता मान्य केला. मला जरा वाईट वाटलं, कारण ते अंतर मला दिसत होतं: धुळीने भरलेले पाय आणि पाठीला चिकटलेला शर्ट घेऊन ते परत येत होते.

तिसऱ्या दिवशी पायात गोळे आले. नाना एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पोटरी चोळत चालवत होते आणि स्वतःलाच सांगत होते, "बाई, जरा पाय उचला. हां, बस."

चौथ्या दिवशी, रविवारी, काट्यावर तीनशे तीन घेऊन आम्ही सकाळी सहाला निघालो. सरळगाव मागे टाकलं आणि नानांनी ब्रेक दाबला. आंब्याला लाल फडकं होतं. त्याच्या पुढच्या वळणावर सागाला दुसरं. त्याच्या पुढे विजेच्या खांबाला तिसरं. जिथपर्यंत रस्ता दिसत होता, तिथपर्यंत लाल.

"साथ आलीये भाऊ," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "खुरकत असनार. सगळी गुरं पडली वाटतं." सायकल टाकून ते पेटीसकट धावत सुटले.

पहिल्या फडक्यापाशी एक म्हातारी उभी होती.

"मावशे, कोन पडलंय?"

"कोन नाय पडला. च्या घे."

"आगो, फडकं कशाला मग?"

"तुला थांबवाया! नुसती हाक मारून तू थांबतो का? पोरं म्हणाली, डाक्तर कान्सरसाठी सायकल मारतोय, त्याचा सत्कार करू. मी म्हटलं, हार घेऊन उभं रायलं तर भुर्रकन जाईल. फडकं बांधा, मग बघा कसा येतो."

तिची युक्ती रस्त्यावरच्या सगळ्यांनी उचलली होती. सरळगाव ते टोकावडं एकूण तेवीस फडकी, म्हणजे तेवीस नारळ आणि तेवीस चहा, असा मी तेव्हा हिशेब धरला. सहाव्यापाशी भजन होतं. आठव्यापाशी बुद्धवाड्यातल्या महिला मंडळाने पांढऱ्या साड्या नेसून पंचशील म्हटलं आणि नानांना पेढा भरवला. नवव्यानंतर मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि आम्ही अजून ढाब्यालाही पोचलो नव्हतो.

"नाना, आता एकही थांबा घ्यायचा नाही," मी सांगितलं. "लांबूनच हात जोडा. नाहीतर चारशे होत नाहीत."

नाना पुढच्या फडक्याकडे पाहत होते. "बरोबर हाय भाऊ. पन दहाव्यात खरंच जनावर असलं तर?"

दहाव्यात नव्हतं, अकराव्यातही नव्हतं. सतराव्यात होतं. कालवडीचं शिंग बुडातून मोडून लोंबत होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि मालक एकटाच तिला धरून रडकुंडीला आला होता. त्याला सत्काराची काही खबरच नव्हती. नानांनी शिंग कापलं, जखम धुतली, पट्टी बांधली. पस्तीस मिनिटं गेली. त्या पस्तीस मिनिटांत नाना एकही शब्द जास्त बोलले नाहीत.

ह्या थांबण्यांमुळे माझ्याकडे नको तितका वेळ होता. मी रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि मोपेडचा काटा ताडून पाहत बसलो. दहा दगडांना काटा दहा किलोमीटर दोनशे मीटर दाखवत होता. मला वाटलं, एखादा दगड चुकून बसवला असेल. परतताना शहापूरच्या अलीकडच्या शेवटच्या दहा दगडांवर पुन्हा पाहिलं. तेच. काटा शंभराला दोन किलोमीटर जास्त सांगत होता. चार दिवस मी ज्याच्या भरवशावर मोजत होतो, तो काटा खुद्द नानांच्या वळणाचा निघाला.

शहापूरच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मावळायला अर्धा तास होता. शे-दीडशे माणसं जमली होती. मोपेडच्या काट्यावर चार दिवसांचे मिळून चारशे चार. किराणा दुकानदार वाकून काटा वाचत ओरडला, "चारशे चार! नाना, जितलात!" ताशा सुरू झाला. कुणीतरी नानांच्या गळ्यात हार घातला. कुसुमवहिनी डोक्याला फडकं बांधून कडेच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी हात वर केला. ताशा थांबेना, तेव्हा ताशावाल्याच्या हातावर हात ठेवला.

"काटा दोन टक्के जास्त दाखवतो," मी म्हणालो. "खरे झाले तीनशे शहाण्णव. चार कमी आहेत."

माझ्या आयुष्यात एवढी माणसं एकाच वेळी माझ्यावर ओरडलेली नाहीत.

"मोरेभाऊ, सोडा ना आता!"

"चार दिवस मानूस मेला सायकल मारून, आन तुमी टक्के काढता?"

दुकानदार तर चिडून लाल झाला होता. "नाना खोटा, म्हणून काटा धरला. आता काटा खोटा म्हणता. मग धरायचं कोनाला?"

"दगडांना," मी म्हणालो. "सरकारी दगड आहेत."

नानांनी हार काढून हँडलला अडकवला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, आता हे काहीतरी सांगतील: वाडीतले बांध धरा, पहिल्या दिवशीचं अमुक धरा. त्यांना तो हक्कही होता. त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, मैदानाची फेरी केवढी?"

"तीनशे वीस मीटर." मागे मी ती पावलांनी नाही, टेपने मोजली होती. "साडेबारा फेऱ्या."

"मग बाजूला व्हा रे," नाना म्हणाले आणि पेडलवर पाय ठेवला.

पहिल्या दोन फेऱ्यांत लोक मला शिव्या देत होते. तिसरीपासून मोजू लागले. सहावी का सातवी यावर भांडण झालं. वहिनींनी बोटं वर करून दाखवली, सहा. मी वहीत पाहिलं. सहाच होत्या. नवव्या फेरीला नाना उभे राहून पेडल मारत होते, कारण बसवत नव्हतं. बाराव्या फेरीला लोक ताशाच्या ठेक्यावर ओरडत होते. नाना सगळ्यांसमोरून पुढे गेले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की उरलेली अर्धी फेरी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला संपते. तिथे माणूस नव्हता. तिथे सार्वजनिक मुतारी होती.

नाना बरोबर तिच्यासमोर उतरले. सायकल आडवी झाली आणि तिच्या शेजारी तेही बसले. लांबूनच ओरडले, "भाऊ, आनखी दोन मारू का? वर असू द्या!"

"नको!" हे वहिनी आणि मी एकाच वेळी म्हणालो.

लोक पळायला निघाले, पण वहिनी उठल्यावर थांबले. शस्त्रक्रियेनंतर त्या घराबाहेर पन्नास पावलंही चालल्या नव्हत्या. मैदानाची रुंदी ऐंशी मीटर आहे. त्या मधोमध, सावकाश, दोनदा थांबत पलीकडे गेल्या. मी फॉर्म आणि पेन घेऊन त्यांच्या मागे होतो, म्हणून मला ऐकू आलं. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा नाना तरी.

वहिनींनी नाकाला पदर लावला. "बसायला बरी जागा काढलीत," त्या म्हणाल्या. मग पदर खोचत, "उद्या किती वाजता निघायचं?"

"साडेपाचला."

"मग डबा आताच भरायला पायजे," असं म्हणून त्या वळल्या. मी सायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून सही केली. किलोमीटर: चारशे.

वहिनींनी उरलेली पाचही इंजेक्शनं घेतली. दर वेळी उलट्या झाल्या, दर वेळी त्या नानांना त्याबद्दल बोलल्या आणि दर वेळी गेल्या. रुग्णालयाकडून निधीची पावती आली, ती नानांनी चौकटीत बसवून ओट्यावर लावली. पुढे दोन वर्षांनी नाना निवृत्त झाले आणि दोघं टोकावड्याच्या पुढे गावी राहायला गेली. शेजारची खोली एका शिक्षकाने घेतली. तो फार मोजकं बोलतो. माझ्या बायकोला त्याचा कंटाळा येतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शस्त्रक्रियेला आठ वर्षं आणि चार महिने झाले होते तेव्हा. एका लग्नासाठी मी एसटीने आळेफाट्याकडे निघालो होतो. टोकावडं सुटल्यावर पुढे कुणाची तरी म्हसरं रस्ता ओलांडत होती, म्हणून गाडी थांबली. डावीकडच्या खाचरात एक गाय आडवी होती. तिच्या मागे नाना गुडघ्यावर बसलेले, उजवा हात कोपराच्या वर आत गेलेला, बनियन चिखलाने भरलेली. गाईचं डोकं मांडीवर घेऊन कुसुमवहिनी बसल्या होत्या. डोक्यावर फडकं नव्हतं. पांढऱ्या-काळ्या केसांचा बऱ्यापैकी अंबाडा होता, आणि त्या तिथून नानांना काहीतरी जोरात सुनावत होत्या. काच बंद होती, मला शब्द कळले नाहीत.

मी काच सरकवायला गेलो, ती अडकली होती. कंडक्टरने घंटी दिली. नानांनी वर पाहिलं नाही; त्यांना वेळही नव्हता. गाडी वळली तेव्हा वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते.